तांदळाचं भाडं

"मोठ्याने वाचा," न्यायाधीश म्हणाले. समोरच्या पक्षाच्या वकिलाने माझं पोस्टकार्ड नाकाजवळ धरलं आणि भरल्या कोर्टात माझंच पत्र मला वाचून दाखवलं.

"मावशींस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तांदूळ पोचले. दोन्ही गोणी सुक्या आल्या. मुलगा फुकट राहतो म्हणून तुमच्या मनाला लागतं असं कळवलंत. तसं मनात आणू नये. तुमचे तांदूळ येतात तेच माझं खोलीचं भाडं. बाकी काही राहिलेलं नाही."

मी पिंजऱ्यात उभी होते. वकिलाने कार्ड माझ्यापुढे केलं.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"खालची सही?"

"माझीच."

"कोणी जबरदस्तीने लिहून घेतलं?"

"नाही."

मग त्याने दुसरं काढलं. मग तिसरं. एकूण पाच कार्डं होती, पाच सालांची, आणि प्रत्येकात ते एक वाक्य थोड्याफार फरकाने होतंच. माझी साक्ष संपल्यावर, ज्याच्यावर मी दावा लावला होता तो पिंजऱ्यात आला. टोपी काढून हातात धरली होती. वकिलाने विचारलं, ही कार्डं कसली?

"मालकीणबाई दर साली भाड्याची पोच द्यायच्या," तो म्हणाला.

सहा वर्षं तो मला बहिणीच्या नात्याने बाय म्हणत होता. मालकीणबाई हा शब्द मी त्याच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आमचं घर लालबागला. सासऱ्यांनी बांधलेलं, खाली तीन खोल्या, वर तीन, कौलारू. सासरे गोदीत मुकादम होते. जन्मभर चार पैसे बाजूला टाकून त्यांनी ते उभं केलं. लोक त्याला चाळ म्हणत आणि आम्हाला मालक म्हणत. वरच्या एका खोलीत आम्ही राहायचो, बाकी भाड्याने. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. घराचा मालक आणि गिरणीत साचेवाला, यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण पाच खोल्यांच्या भाड्यावर कोणाचंच पोट भरत नव्हतं. भाडं लढाईच्या आधीचं, कायद्याने बांधलेलं. कौलं मात्र आजच्या भावाने घ्यावी लागत. पाणी गळलं की सगळे भाडेकरू जिन्यात उभे राहून मला हाक मारायचे. म्युनिसिपालटीची नोटीस आली की तीही माझ्याच दाराला चिकटायची.

नवरा छातीच्या रोगाने गेला. मूल झालं नाही. सासू आणि मी, दोघीच उरलो. आम्ही लोकांच्या मिरच्या कुटायला घेऊ लागलो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला बायका आमच्याकडे मिरच्या, धणे, खोबरं आणून टाकायच्या. दोघी समोरासमोर बसून मुसळाने कुटायचो. डोळे, नाक, हात, सगळं जळायचं. माझ्या मनात एकच होतं. रस्त्याच्या बाजूची खालची खोली कधी रिकामी झाली तर तिथे मसाला कुटायचं मशीन टाकायचं. म्हणजे खांद्याला आराम आणि पोटाला घास. बाकी सगळ्या खोल्या भाडेकरूंच्या पिढ्यांनी धरलेल्या. त्या माझ्या आहेत हे फक्त कागदावर खरं होतं.

ती खोली रिकामी झाली. त्यात एक न्हावी राहायचा, तो कायमचा गावी गेला. आणि त्याच महिन्यात हा आला.

हा म्हणजे नवऱ्याचा गिरणीतला जोडीदार. आमच्याच गावाजवळचा. शेजारशेजारच्या साच्यावर दोघं बारा वर्षं उभे होते. नवऱ्याला इस्पितळात नेताना यानेच खांदा दिला आणि शेवटचाही यानेच दिला. पुढच्या दिवाळीत मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. मला भाऊ नव्हता, त्याला बहीण नव्हती. तो हिंदमाताहून खण घेऊन आला होता. तेव्हापासून दर भाऊबीजेला येई.

तो गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. एका गावचे पंचवीस-तीस पुरुष मिळून डिलाईल रोडला एक खोली घेत. भिंतीला फळ्या, फळीवर प्रत्येकाची ट्रंक. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागी दुसऱ्या पाळीचा आडवा होई. तिथे बाईमाणसाला जागा नाही.

"बाय, बायकोच्या पोटात दुखतं," तो म्हणाला. "गावच्या वैद्याने हात टेकले. परळच्या इस्पितळात दाखवायला आणायची म्हणतोय. चार महिने ती खोली देशील?"

"चारच महिने," मी म्हटलं. "मला तिथे मशीन टाकायचंय."

"मशीन मीच उचलून आणीन. भाडं किती देऊ?"

"भावाकडून भाडं घेऊ? वेडा की खुळा?"

तो गेल्यावर सासू म्हणाली, "गो, कागद केलंस?"

"भावाशी कसला कागद?"

"दार आपलां, पण कडी कोणाच्या हातात ती बघ."

सासूचा मला राग आला होता. आपल्या लेकाला खांदा दिलेल्या माणसाबद्दल ती असं बोलते म्हणून. मी कागद केला नाही. भाडं नाही, पावती नाही, म्हणजे तो भाडेकरू नाही, एवढा कायदा मला ठाऊक होता. इतर मालक सांगायचे, पावती दिलीस की खोली गेली. मी पावती दिली नव्हती. मला वाटलं मी शहाणी.

त्याची बायको आली. इलाज झाला. ती बरी झाली आणि राहिली. चार महिन्यांचं वर्ष झालं. मी बोलले नाही. बोलायला गेलं की ती पुढ्यात आंबोळी ठेवायची.

पहिल्याच सालात गावाहून तांदूळ आले. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून तो दोन गोणी घेऊन आला. त्याच्या आईने पाठवले होते. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. गावच्या मास्तरांकडून तिने पत्र लिहवून घेतलं होतं. आपला मुलगा दुसऱ्याच्या खोलीत फुकट राहतो, लोक काय म्हणतील, मला घास गोड लागत नाही, असं त्यात होतं.

आमच्याकडची रीत अशी की कोणी काही पाठवलं तर ते पोचल्याचं लगेच कळवायचं. नाहीतर पाठवणाऱ्याचा जीव टांगणीला. मी चौथी पास होते. चाळीतल्या सगळ्या बायकांची पत्रं मी लिहायची. कोणाला काय लिहिलं म्हणजे बरं वाटेल हे मला नेमकं कळतं असा मला गर्व होता. म्हातारीला मिंधेपणा वाटतोय. तर तिला असं लिहायचं की तिचा मुलगा फुकट राहत नाही. तांदूळ हेच भाडं. ती समाधानाने जेवेल. माझं त्यात काय जातंय?

दुसऱ्या साली परत गोणी, परत तेच रडगाणं, परत मी तेच लिहिलं. पाच साल.

त्याच वर्षांत संयुक्त महाराष्ट्राची धामधूम सुरू झाली. सभा, मोर्चे, हरताळ. तो सगळ्यात पुढे. छाती फुगवून घोषणा द्यायचा. मीही जायची. आमच्या गल्लीतल्या बायका शिवाजी पार्कच्या सभेला चालत जायच्या, मी त्यांच्यात. मालकीण, भाडेकरणी असा भेद त्या वेळी कोणी केला नाही.

गोळीबार झाला त्या दिवशी सासू रॉकेल आणायला गेली होती. रस्त्यावर धावपळ, अश्रुधुराने डोळे उघडेनात. मी जिन्यात उभी राहून ओरडत होते. त्याने तिला नाक्यावरून उचलली, पोरीसारखी खांद्यावर टाकली आणि खालच्या खोलीत आणून दार लावलं. रॉकेलची बाटली तिच्या हातात तशीच होती. तिघं-चौघं आम्ही त्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसलो. सासू गेलेल्या लेकाच्या आठवणीने म्हणाली, "माझो झील आसतो तर त्यानां ह्यांच केला आसता."

हे मी लपवत नाही. त्याने ते केलं. म्हणूनच पुढचं दीड वर्ष मी खोलीचं नाव काढलं नाही.

मग म्युनिसिपालटीची नोटीस आली. मागची भिंत फुगली आहे, वासे कुजले आहेत, दुरुस्त करा नाहीतर घर खाली करायला लावू. मी एकेका भाडेकरूच्या दारात गेले. म्हटलं, थोडं थोडं सगळ्यांनी घाला. वरचा एक म्हणाला, "दुरुस्ती मालकाची जबाबदारी. आम्ही भाडं देतो." दुसऱ्याची बायको हसून म्हणाली, "मालकीणबाय, दागिने काढा की जरा पेटीतले." माझ्या पेटीत मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या. त्या विकून भिंतीला टेकू लावले. वासे तसेच राहिले.

तेव्हा मी त्याच्याकडे गेले.

"भाऊ, आता मला खोली लागते. मशीन टाकलं तर घर वाचेल."

"बाय, जरा दम धर. ही चळवळ आहे तोवर माझं डोकं ठिकाणावर नाय. मुंबई मिळू दे एकदा."

"मुंबईचा आणि माझ्या खोलीचा काय संबंध?"

"तू पण ना! दोन्ही आपलीच," असं म्हणून तो हसला. मीही हसले.

मुंबई मिळाली. राज्य झालं त्या दिवशी गल्लीत रोषणाई होती, त्याने पेढे वाटले, पहिला माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर पंधरा दिवसांत गावाहून तार आली, त्याची आई गेली. तो गेला, तिचं बारावं-तेरावं करून परतला. मी भेटायला खाली गेले. खिळ्याला एक तार टांगलेली दिसली, तीत माझी पोस्टकार्डं ओवलेली.

"ही कुठली रे?"

"आयेने जपून ठेवली होती," तो म्हणाला. "चुलीच्या वर. मास्तरांकडून परत परत वाचून घ्यायची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आईची आठवण म्हणून आणली बिचाऱ्याने. त्या खोलीत उभी राहून मी रडले. आता लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

सुतक फिटल्यावर महिनाभराने मी परत विषय काढला. या वेळी तो हसला नाही. बायको आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"बाय, मी खोली सोडणार नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय. मला पुन्हा गाळ्यात जायचं नाय. त्या फळीखाली पंधरा वर्षं झोपलोय मी. बायकोला कुठे नेऊ?"

"दुसरी खोली बघ. मी चार ठिकाणी सांगते."

"पागडीचे पैसे कोण देईल? तू?"

"मग मी काय करू? मुसळच मारू मरेपर्यंत?"

आतून बायको म्हणाली, "तुमका काय, सहा खोल्या आसत. आमका एकच."

मी तिला म्हटलं, "राहती खोली सोडून एक दाखव जिच्यात मला पाय ठेवता येतो." ती परत भांडी घासू लागली. तो म्हणाला, "कायद्याने जे होईल ते होईल."

मी कायद्याकडे गेले. दादरला एक वकील होते, कोणीतरी नाव सांगितलं. त्यांनी सगळं विचारलं. भाडं घेतलंत? नाही. पावती दिलीत? नाही. कधी काही लिहून दिलंत? मी नाही म्हटलं. खोटं नव्हते बोलत. म्हातारीला लिहिलेली कार्डं म्हणजे त्याला लिहून दिलेलं काही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती मी एका आईला लिहिली होती. वकील म्हणाले, "मग सोपं आहे. परवानगीने राहत होता, परवानगी काढून घेतली. दावा लावू."

दावा लागला तसं गल्लीने मला वाळीत टाकलं. ज्या बायकांबरोबर मी मोर्च्यात चालले त्या नळावर मला जागा देईनात. एक म्हणाली, "गोळ्या खायला हे पुढे, आणि मालक आता यांनाच काढतायत." दुसरी म्हणाली, "भाऊबीज खाल्ली आणि कोर्टात खेचलं, अशी बहीण." मसाल्याची गिऱ्हाइकं तुटली. मी त्यांना काही सांगायला गेले नाही. तो चौकात उभा राहून सगळ्यांना माझ्याबद्दल चांगलंच बोलायचा म्हणे. बाय मनाने वाईट नाही, तिला कोणीतरी फितवलंय. हे ऐकून मला जास्त राग आला.

कोर्टात कार्डं वाचायच्या आधी त्याच्या वकिलाने मला विचारलं होतं, हा तुमचा सख्खा भाऊ?

"नाही."

"चुलत? मामेभाऊ?"

"नाही."

"मग भाऊ कसा?"

"मी ओवाळते त्याला."

"म्हणजे ज्याला ओवाळाल त्याला तुम्ही घर देता?"

लोक हसले. न्यायाधीशांनी हातोडा आपटला नाही, तेही जरा हसले असावेत.

"नाही," मी म्हटलं. "एकालाच दिलं. तो समोर बसलाय."

मग कार्डं निघाली. ती संपल्यावर माझ्या वकिलांनी उठून सांगितलं की ही नुसती घरगुती भाषा आहे, म्हातारीचं मन राखायला लिहिलेली. न्यायाधीशांनी मला विचारलं, "बाई, तांदूळ दर साली यायचे?" मी हो म्हटलं. "तुम्ही ते ठेवून घ्यायचात?" हो. "आणि हे भाडं आहे असं तुम्ही स्वतः लिहिलंत?" हो. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांना खरं काय ते कळलं होतं. पण कागदावर माझंच अक्षर होतं आणि दुसऱ्या बाजूला माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. भाडं पैशातच असावं असा काही नियम नाही, धान्य दिलं तरी भाडंच, असं निकालात आलं. तो कायदेशीर भाडेकरू ठरला. त्याला काढता येणार नाही.

बाहेर माझे वकील फार चिडले. "बाई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तांदळाचं विचारलंच नाही."

ते पुढे निघून गेले. मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. तो आणि त्याची बायकोही त्याच थांब्यावर. जाणार तर तिघं एकाच घरी. बायकोने तोंड फिरवलं. तो जवळ आला.

"बाय, मी खोटं बोललो नाय. तूच लिहिलंस ते."

"तुझ्या आईला लिहिलं."

"पण लिहिलंस ना?"

"तुला ठाऊक होतं का लिहिलं ते?"

त्याने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "ठाऊक होतं." आणि परत म्हणाला, "पण मी गाळ्यात नाय जाणार."

एवढं मात्र त्याने खरं सांगितलं. मला ते खोट्यापेक्षा जास्त झोंबलं. चुकून केलं असतं, वकिलाने भरवून केलं असतं, तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईने ती कार्डं चुलीच्या वर जपली कारण कोणीतरी तिच्या मुलाची लाज राखली. त्याने ती तार खिळ्यावरून काढून वकिलाच्या टेबलावर ठेवली.

त्या दिवशी ट्राम आली तेव्हा मी चढले नाही. चालत घरी आले. सासू दारात होती. माझं तोंड बघून तिने काही विचारलं नाही. तिने मला कधीच, मरेपर्यंत, कागदाची आठवण करून दिली नाही. तेवढा मोठेपणा तिने दाखवला.

पुढची भाऊबीज आली. तो आला नाही, मीही पाट मांडला नाही. तांदळाच्या जागी तो आता मनिऑर्डर करू लागला, खालच्या खोलीतून वरच्या खोलीत, पोस्टमनच्या हातून. मी घेत होते, कारण घेतली नाही तर तेही कोर्टात दाखवता येतं असं वकिलांनी सांगितलं होतं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या एका माणसाने मसाल्याचं मशीन टाकलं. चांगलं चाललं त्याचं. मी त्याच्याकडे चाळणीवर बसायला लागले. घराची मालकीण रोजावर मसाला चाळते म्हणून लोक बघायला यायचे. थोड्या दिवसांनी कंटाळले. कोणी कोणाचं किती दिवस बघणार.

मागची भिंत टेकूवर आणखी नऊ पावसाळे उभी राहिली. मग वरची मधली खोली खाली आली. माणूस मेलं नाही, दुपारची वेळ होती, खोलीत कोणी नव्हतं. म्युनिसिपालटीने दंड मला केला.

मला पुष्कळ जण विचारतात. आता जे नवे लोक एखादी खोली घेऊन भाड्याने देतात ते येतात, म्हणतात, आजी, तुम्ही जुन्या मालक, काय काळजी घ्यावी? मी सांगते, आपल्या माणसाला देऊ नका. द्यायचीच तर पहिल्या दिवशी कागद करा आणि तो रागावला तर रागावू दे. ते मान डोलावतात आणि मेव्हण्याला देतात.

त्याच्याशी मी नंतर कधी बोलले नाही. जिन्याखालून जाताना तो खाकरायचा, म्हणजे मला कळावं की तो आहे. मी थांबत नसे. गिरणी बंद पडल्यावर तो दिवसभर त्या खोलीच्या दारात बसून असायचा. तिथे मशीन बसलं असतं. शेवटी तो त्याच खोलीत वारला. त्याची बायको त्यानंतर चार वर्षांनी. सासू तर निकालाच्या दुसऱ्याच वर्षी गेली होती. माझे वकील गेले, त्याचा वकीलही गेला. खोली आता तिथेच जन्मलेल्या त्याच्या मुलाच्या नावावर चढली आहे.

मी अजून वरच्या खोलीत राहते.